मशीनला दिसलेले मोनोसाइट्स काचेवर नव्हतेच : माझ्या हेअरी सेल ल्युकेमियाचं निदान

मला हेअरी सेल ल्युकेमिया आहे. ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार, पण दुर्मिळ, ल्युकेमियाच्या शंभर पेशंटमध्ये साधारण दोघांना असतो आणि बायकांपेक्षा पुरुषांना चौपट. वय बहुतेकांचं पन्नाशीच्या आसपास. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ५१, म्हणजे सगळ्या बाजूने त्यात बसणारा माणूस. ट्रीटमेंट होऊन गेलीय आणि मी परत बागेत जातोय, त्यामुळे ट्रीटमेंटबद्दल थोडंच लिहीन. लिहायचंय ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल, म्हणजे आपल्याला नक्की झालंय काय हे कळेपर्यंत जे सगळं चाललं त्याबद्दल. कारण या आजाराला औषध चांगलं आहे, पण औषधापर्यंत पोचेस्तोवरच माणूस आणि घर दोन्ही दमून जातं.

सुरुवात ऑक्टोबर छाटणीनंतर झाली. थिनिंगच्या (घडातले जादा मणी काढायच्या) दिवसात बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना दम लागायला लागला, मांडवाखाली हात वर करून दोन मिनिटं उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. मी म्हटलं जागरणं झालीत, डिपिंगचे (घड औषधात बुडवायचे) दिवस आहेत, होतं असं. मग ब्रश करताना हिरड्यातून रक्त यायला लागलं आणि मांडीवर कुठे आपटलेलं आठवत नसताना निळे डाग दिसले, तेव्हा बायकोने ऐकलंच नाही, गाडी काढायला लावली. गावातल्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट केली. एचबी ९.४, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ६२ हजार. तिन्ही कमी. आता मला हे माहितीय की तिन्ही एकदम कमी असणं हीच मोठी खूण असते, पण त्या दिवशी सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर गेली, प्लेटलेट.

आणि त्याला कारण होतं, गावात डेंग्यूची साथ होती. डेंग्यूत प्लेटलेट पण कमी होतात, पांढऱ्या पेशी पण कमी होतात. एनएस१ टेस्ट निगेटिव्ह आली तरी पुढच्या दिवसात निगेटिव्ह येऊ शकते म्हणून डेंग्यूच धरला. घरात पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, कुणी शेळीचं दूध आणून दिलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारायचा, प्लेटलेट किती झाल्या? डेंग्यूत आठ-दहा दिवसात प्लेटलेट आपोआप वर यायला लागतात. माझ्या ६०-६५ हजारावरच घुटमळत राहिल्या, खाली पण जाईनात आणि वर पण येईनात. ताप उतरला होता आणि मी हिंडत-फिरत होतो त्यामुळे 'हळूहळू भरून येतील' यावर सगळे थांबले.

आल्या नाहीत तेव्हा सांगलीला फिजिशियनकडे गेलो. चांगले डॉक्टर, अजूनही मी त्यांच्याकडेच जातो. त्यांनी बी-ट्वेल्व्ह तपासलं आणि ते खरंच कमी निघालं. मी माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे कमी असणारच. आणि बी-ट्वेल्व्ह फार कमी झालं तर तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होऊ शकतात हे पण खरं आहे. म्हणजे कारण सापडलं, इंजेक्शनं चालू झाली, आम्ही सगळे खुश. दुर्मिळ आजाराची सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते. तो सापडायच्या आधी दुसरं काहीतरी खरंखुरं सापडतं. बी-ट्वेल्व्ह कमी होतं ही काही खोटी गोष्ट नव्हती, फक्त सगळा दोष त्याचा नव्हता. इंजेक्शनांनी थोडं बरं वाटल्यासारखं झालं, एचबी थोडं हललं, आणि त्यात बरेच आठवडे गेले.

दरम्यान माझं जेवण कमी झालं होतं. एक भाकरी पण संपेना, अर्ध्यातच पोट गच्च, डाव्या बाजूला बरगडीखाली जड वाटायचं. आईला वाटायचं मी काळजीने जेवत नाही. सोनोग्राफी केली तर प्लीहा १७ सेंटीमीटर. नॉर्मल बारा-तेरापर्यंत असते. मग गाडी लिव्हरकडे वळली, कारण लिव्हर खराब झालं की प्लीहा वाढते आणि वाढलेली प्लीहा रक्तातल्या पेशी अडकवून ठेवते, त्यामुळे तिन्ही काउंट कमी दिसतात. हे पण एकदम पटण्यासारखं. लिव्हरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वर्षं पिताय? मी म्हटलं डॉक्टर, गळ्यात माळ आहे, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. ते म्हणाले खरं सांगा, औषध त्यावरच ठरतं. बायको शेजारी बसलेली. मी तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर तिनेच जरा आवाज चढवून सांगितलं. त्यांना विचारावं लागतं हे मला कळतं, पण एकदा सांगितल्यावर विश्वास ठेवावा एवढंच वाटतं. लिव्हरच्या रक्ताच्या टेस्ट नॉर्मल, फायब्रोस्कॅन नॉर्मल, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या नाहीत. म्हणजे लिव्हर साफ. पण मग प्लीहा का वाढली, याचं उत्तर त्या फाइलमध्ये कुणीच लिहिलं नाही, 'लिव्हरचा आजार नाही' एवढं लिहून फाइल परत.

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. बारीक ताप, खोकला, वजन उतरलेलं. आपल्याकडे हे सांगितलं की कुणीही टीबीच म्हणणार, आणि बऱ्याचदा तो असतोही. छातीचा सीटी स्कॅन केला, थुंकीची जीनएक्सपर्ट टेस्ट केली, दोन्हीत काही निघालं नाही. तरी टीबीची औषधं सुरू करून बघूया असं एका ठिकाणी सुचवलं गेलं. दुसऱ्या एका ठिकाणी प्लेटलेट वाढवायला स्टिरॉइड देऊया असं ठरत होतं. माझा धाकटा भाऊ मिरजेत औषधाच्या होलसेल दुकानात आहे, त्याला औषधं बऱ्यापैकी कळतात, तो म्हणाला अण्णा, एकजण टीबीची औषधं म्हणतोय, दुसरा स्टिरॉइड म्हणतोय, आणि आजाराचं नाव कुणीच सांगत नाहीये. नाव कळेपर्यंत काहीच घ्यायचं नाही. परत फिजिशियनकडे गेलो. त्यांनी सगळी फाइल टेबलावर पसरली, पहिल्या सीबीसीपासून, आणि बराच वेळ बघून म्हणाले की आता मशीनचा रिपोर्ट पुरे, पॅथॉलॉजिस्टने स्वतः काच, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघायला पाहिजे. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं की तिन्ही काउंट कमी, प्लीहा मोठी, गाठी नाहीत, लिव्हर नॉर्मल, कृपया पेरिफेरल स्मिअर (म्हणजे तीच काच) काळजीपूर्वक बघा. ही एक ओळ मला फार मोलाची वाटते. तोपर्यंत प्रत्येक लॅबकडे माझी फक्त बाटली जायची, गोष्ट पहिल्यांदा गेली.

दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट सरांचा मलाच फोन आला. लॅबमधून डॉक्टर स्वतः फोन करतात तेव्हा काय अर्थ असतो हे कुणी सांगायला लागत नाही. म्हणाले परत एकदा रक्त द्यायला याल का, मला ताजी काच करायचीय. गेलो. त्यांनी बोटाएवढ्या रक्ताच्या बाटलीतून एक थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने सर्रकन ओढला, वाळवला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली बराच वेळ काच सरकवत बसले. मी बाहेरच्या बाकावरून दरवाज्यातून बघत होतो. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि बघा म्हणाले. मला पहिल्यांदा नुसतं गुलाबी दिसलं, मग त्यांनी एक पेशी मधोमध आणून ठेवली. जांभळा गोल, एका बाजूला किंचित खळगा, भोवती फिकट राखाडी-निळा भाग, आणि त्याची कड गुळगुळीत नव्हती, सगळीकडून बारीक बारीक तंतू सुटलेले. सर म्हणाले अशा पेशी शंभरात चार-पाचच आहेत, घाईत बघितलं तर साध्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) म्हणून सुटून जातात.

पण त्यांचं खरं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी माझे जुने रिपोर्ट मागून घेतले आणि प्रत्येकात मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) या ओळीवर पेनाने गोल केला. ७ टक्के, ८ टक्के, ७ टक्के. सगळे नॉर्मल. म्हणाले, मी आज दोनशे पेशी हाताने मोजल्या, त्यात मोनोसाइट एकही नाही. मी विचारलं मग मशीनने आठ टक्के कुठून आणले? तर मशीन पेशीचा आकार आणि आतली रचना यावरून अंदाज बांधतं, आणि या तंतूवाल्या पेशी त्याला मोनोसाइटसारख्या वाटतात, त्यामुळे ते त्या मोनोसाइटच्या खात्यात टाकून मोकळं होतं. या आजारात खरे मोनोसाइट जवळजवळ नाहीसे होतात, हीच त्याची एक मोठी खूण. म्हणजे खूण नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी आजाराच्याच पेशी बसून रिपोर्ट नॉर्मल दाखवत होत्या. इतके महिने ती ओळ फाइलमध्ये होती, खाली तारा नाही, लाल अक्षर नाही, कोण कशाला बघेल. मोनोसाइट नसले की टीबीसारख्या जंतूंशी लढायची ताकद पण कमी होते, त्यामुळे या पेशंटना ताप येतो, कधी कधी टीबी खरोखर होतो पण, आणि मग मूळ आजार आणखी मागे ढकलला जातो. हे पण त्यांनीच समजावलं.

त्यांनी आजाराचं नाव लिहून दिलं नाही. 'शक्यता' लिहिलं आणि पुण्याला हेमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपली, मानेत, काखेत, जांघेत गाठी बघितल्या, नव्हत्या, आणि म्हणाल्या काका, बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गराची तपासणी करावी लागेल.

बोन मॅरोबद्दल लोक फार भीती घालतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, कमरेच्या खाली मागच्या बाजूला जे हाड लागतं तिथे भूल देतात. भुलीचं इंजेक्शन झोंबतं. मग सुई हाडात जाताना दाब कळतो, दुखत नाही फार. दुखतं ते आतलं मॅरो सिरिंजने ओढताना, पायापर्यंत कळ जाते, पण काही सेकंदच. माझ्या बाबतीत तिथले शिकाऊ डॉक्टर ओढत होते आणि काहीच येत नव्हतं. सुई फिरवली, जागा बदलली, परत ओढलं, परत ती कळ, सिरिंज कोरडी. त्या मुलाच्या आवाजात टेन्शन यायला लागलं, त्याला वाटत होतं त्याचंच काहीतरी चुकतंय. मॅडम आल्या, त्यांनी स्वतः एकदा ओढून बघितलं आणि त्याला म्हणाल्या, तुझं चुकलेलं नाही, याला ड्राय टॅप म्हणतात, आणि हे पण लिहून ठेव कारण ही सुद्धा माहितीच आहे. हेअरी सेलमध्ये मॅरोत बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं, रेटिक्युलिन, त्यामुळे मॅरो ओढून येत नाही. मग जाड सुईने हाडाचा तुकडा काढला, पेन्सिलीच्या शिशाएवढा जाड, दीड-दोन सेंटीमीटर. तो बाटलीत टाकायच्या आधी त्यांनी काचेवर हलकेच लोळवला, म्हणजे पेशी काचेला चिकटून तेवढ्या तरी बघता येतात. बाकी तुकडा फॉर्मालिनमध्ये. हाड असल्यामुळे त्याचा कॅल्शियम काढून ते मऊ करावं लागतं, मग पातळ काप, मग रंग, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो. तो वेळ सगळ्यात वाईट होता. घरात फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघायचे.

आणि रिपोर्ट आला तो भलताच. मॅरोमध्ये पेशी खूप कमी, अप्लास्टिक अनिमियाची शक्यता. म्हणजे हाडातला रक्ताचा कारखानाच बंद पडलाय. भावाने नेटवर बघितलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, एटीजी इंजेक्शन, लाखांचे आकडे. आईने देवापुढे बसून घेतलं, बायको बाग गहाण टाकायची का यावर माझ्याशी रात्री बोलली, हळू आवाजात, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. भाऊ दुसऱ्याच दिवशी मॅच बघायला रक्त द्यायला तयार होता.

मॅडमना फोन केला तर त्या एका वाक्यात म्हणाल्या, अप्लास्टिक अनिमियात प्लीहा वाढत नाही. तुमची १७ सेंटीमीटर आहे, मला हा रिपोर्ट पटत नाही. लॅबमधून ब्लॉक मागवा. ब्लॉक म्हणजे तो हाडाचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याचे परत नवीन काप काढता येतात. तो ब्लॉक मुंबईला रक्ताच्या आजारांचाच अभ्यास असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे गेला. हेअरी सेलच्या काही पेशंटमध्ये मॅरो असाच ओसाड दिसतो, आणि आजाराच्या पेशी चरबीच्या मधेमधे इतक्या विरळ पसरलेल्या असतात की साध्या रंगात नजरेला येतच नाहीत. सीडी२० नावाचा खास रंग (लॅबवाले त्याला डाग म्हणतात) दिला की त्या उठून दिसतात. माझ्या कापात तो डाग दिल्यावर जिथे काहीच नाही वाटत होतं तिथे पेशीच पेशी. त्यांचं दिसणंही ठरलेलं, मधे केंद्रक आणि भोवती मोकळी पांढरी जागा, तळलेल्या अंड्यासारखं. मग अ‍ॅनेक्सिन ए१ चा डाग, तो पॉझिटिव्ह. रेटिक्युलिन वाढलेलं. पहिल्या रिपोर्टवाल्यांनी जे बघितलं ते चूक नव्हतं, पेशी कमी होत्याच. पण त्यांच्या फॉर्मवर प्लीहेबद्दल एक शब्द नव्हता, ड्राय टॅपबद्दल नव्हता, तो फॉर्म भरताना कुणालाच विचारायला वेळ नव्हता. माझ्या पूर्ण आजारात हीच एक गोष्ट परत परत झाली. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता आणि सगळे तुकडे एका माणसासमोर क्वचितच आले.

दुसऱ्या बाजूने फ्लो सायटोमेट्री चालू होती. यात पेशींवर कुठले मार्कर, म्हणजे ओळखायच्या खुणा आहेत ते बघतात. मॅरो आलंच नव्हतं पण रक्तात थोड्या का होईना पेशी होत्या, तेवढ्या पुरतात. इथे पण एक घोळ झाला, सॅम्पल शुक्रवारी संध्याकाळी गेलं, मधे सुट्टी आली, लॅबला पोचेपर्यंत पेशी मेल्या. परत रक्त. त्यामुळे ज्यांना ही टेस्ट करायचीय त्यांनी सोमवार-मंगळवारीच सॅम्पल द्यावं असं माझं सांगणं आहे, जिवंत पेशी लागतात आणि दीड-दोन दिवसाच्या आत पोचायला लागतात. नंतरच्या रिपोर्टमध्ये आलं की बी पेशींचा (लिम्फोसाइटचा एक प्रकार) आजार आहे, सीडी५ नाही, सीडी१० नाही. पण यात कितीतरी आजार बसतात. हेअरी सेल म्हणायचं तर सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ हे चार बघावे लागतात आणि ते छोट्या पॅनलमध्ये नव्हते. मॅडमनी लॅबच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून ते लावून घेतले. चारही पॉझिटिव्ह.

सगळ्यात शेवटी जनुकाची टेस्ट, ब्राफ व्ही६००ई. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी शोधून काढलं की या आजाराच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये ब्राफ जनुकात हाच एक ठरलेला बदल असतो. आजाराचं पहिलं नीट वर्णन अमेरिकेत ओहायोमध्ये बर्था बूरोंकल या डॉक्टरबाईंनी १९५८ मध्ये केलं होतं, म्हणजे मायक्रोस्कोपवर दिसलेल्या आजाराचं मूळ सापडायला पन्नासपेक्षा जास्त वर्षं लागली. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा मॅडमनी 'शक्यता' हा शब्द वापरणं थांबवलं.

मी त्यांना विचारलं होतं की सीडी असो नाहीतर ब्राफ, एवढं खोलात कशाला, कॅन्सर आहे हे कळलं, औषध द्या. तेव्हा त्यांनी सांगितलं की याच्यासारखाच दिसणारा एक भाऊबंद आहे, त्याला आतापर्यंत हेअरी सेल व्हेरियंट म्हणायचे, २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याचं नाव पण बदललंय. त्याच्या पेशींना पण तंतू असतात, प्लीहा पण वाढते. पण त्यात सीडी२५ नसतो, ब्राफचा हा बदल नसतो, मोनोसाइट कमी होत नाहीत, आणि जे औषध मला एकट्याने पुरेल ते त्याला एकट्याने नीट लागू पडत नाही. म्हणजे नावातला एक शब्द चुकला तर ट्रीटमेंट चुकते. हे ऐकल्यावर माझी चिडचिड गेली. तोपर्यंत मला प्रत्येक नवी टेस्ट म्हणजे आणखी एक खर्च वाटत होती.

गावात सगळ्यांनी एकच विचारलं, फवारणीने झालं का? मी पण मॅडमना हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता, कारण बागेत वर्षभर औषधंच चालू असतात आणि ब्लोअरवर मी स्वतः बसायचो. त्या म्हणाल्या शेतीकाम आणि या आजाराचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, अमेरिकेत तर व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंजच्या संपर्कात आलेल्या सैनिकांना हा आजार झाला तर सरकार तो नोकरीमुळे झालेला धरतं. पण तुम्हाला कशामुळे झाला हे एका माणसाच्या बाबतीत कुणी सांगू शकत नाही. मला हे उत्तर आवडलं. मी आता ब्लोअरवर बसत नाही, आणि जो मुलगा बसतो त्याला मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या सक्तीच्या केल्यात, तो कुरकुरतो तरी.

ट्रीटमेंट थोडक्यात. क्लॅड्रिबिन नावाचं औषध, सलाइनमधून, बहुतेकांना एकच कोर्स लागतो. १९९० च्या सुमारास वापरात आलं. १९८० च्या दशकात इंटरफेरॉन हे औषध येईपर्यंत प्लीहा काढून टाकणे हाच मुख्य उपाय होता. ताप असताना ते देत नाहीत कारण पेशी आधी आणखी खाली जातात आणि इन्फेक्शन असेल तर जिवावर बेततं, म्हणून आधी ताप पूर्ण निस्तरला, टीबी नाही याची परत एकदा खात्री केली, मग दिलं. अपेक्षेप्रमाणे काउंट पडले, ताप आला, अ‍ॅडमिट व्हावं लागलं, ते दिवस कठीण गेले. पण हळूहळू एकेक आकडा वर आला. काही महिन्यांनी परत बोन मॅरो केला तर त्यात आजार दिसला नाही, आणि यावेळी सिरिंजमध्ये मॅरो आलं, त्याच शिकाऊ डॉक्टरने काढलं. हा आजार काही वर्षांनी परत येऊ शकतो, तेव्हा परत औषध देता येतं, म्हणून ठरलेल्या वेळेला सीबीसी चालूच आहे.

बरं वाटल्यावर बेदाण्याचा डबा घेऊन पॅथॉलॉजिस्ट सरांकडे गेलो. त्यांनी माझी काच जपून ठेवलीय. म्हणाले एमडी करताना बघितली होती, त्यानंतर तुमचीच. त्यांना ती जिल्ह्यातल्या पॅथॉलॉजिस्टच्या मीटिंगमध्ये दाखवायची होती, माझी परवानगी विचारत होते. मी म्हटलं नाव सोडून सगळं दाखवा, मशीनचे जुने रिपोर्ट पण शेजारी लावा. ते म्हणाले लॅबवाल्यांचा पण विचार करा, दिवसाला शेकडो सॅम्पल येतात, प्रत्येकाची काच डॉक्टर बघू शकत नाही, मशीनने झेंडा दाखवला तरच काच होते. मी त्यांच्याशी वाद घातला. प्रत्येकाची बघू नका, पण तिन्ही काउंट कमी असतील तर बघायलाच पाहिजे, मशीन काहीही म्हणो. ते म्हणाले, बरोबर आहे, आमच्याकडे आता तसंच करतो.

आता ओळखीचे लोक कुणाचे काउंट कमी आले की मला फोन करतात. मी डॉक्टर नाही, आजार ओळखायला जात नाही. मी फक्त विचारतो की एकच पेशी कमी आहे की तिन्ही, किती दिवसापासून, सोनोग्राफीत प्लीहा किती, आणि काच कुणी डोळ्याने बघितली का. नसेल तर डॉक्टरांना तेवढं विचारा म्हणतो, आणि तिन्ही कमी राहिले तर रक्ताच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. बोन मॅरो झाला असेल तर ब्लॉक आणि काचा लॅबकडे असतात, लेखी अर्ज दिला की मिळतात, तुकडा तुमच्याच हाडाचा आहे. दुसऱ्या मताला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, ब्लॉक न्या, आणि सोबत एका कागदावर पहिल्या दिवसापासूनची तारीखवार हकीकत, सगळे सीबीसी एकाखाली एक. माझ्या भावाने असा कागद केला होता, मॅडमनी फाइल उघडायच्या आधी तोच वाचला.